रक्तसाक्षी म्हणजे कोण? आद्य ख्रिस्तसभा आणि ठाण्याचे चार बंधू

महोत्सवाचा अंक म्हटला की त्यात गतकाळाचे स्मरण ओघानेच आले. त्या स्मरणाची चाल आपल्यात कोठून आली, हे प्रथम पाहिले पाहिजे. इ. स. १५५ च्या सुमारास स्मर्ना नगरीचे वृद्ध महागुरू पॉलीकार्प यांस तेथील रंगभूमीत जिवंत जाळण्यात आले. तेथील मंडळीने त्यांच्या अस्थी गोळा करून योग्य स्थळी ठेविल्या, आणि दरवर्षी त्या दिवशी तेथे आनंदाने एकत्र जमण्याचे ठरविले. मृत्यूच्या त्या दिवसास त्यांनी जन्मदिवस असे नाव दिले. ख्रिस्तसभेत वार्षिक स्मरणाचा जो प्रघात आहे, त्याचे हे आपणांस ठाऊक असलेले अत्यंत जुने उदाहरण होय. तेव्हा महोत्सवप्रसंगी रक्तसाक्ष्यांविषयी चार शब्द लिहिण्यास आमच्या मते हाच प्रसंग उचित आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. आमच्या उस्मानपुऱ्यात राहणाऱ्या मनुष्याच्या कानी या अर्थाचे दोन शब्द नित्य पडतात. क्रांती चौकात १८५७ च्या शिपायांचे स्मरण होते, १७ सप्टेंबर रोजी मराठवाडा मुक्तिसंग्रामातील वीरांस पुष्पे वाहिली जातात. त्या वेळी भाषणांत 'हुतात्मा' हा शब्द येतो. शेजारच्या उर्दू बोलणाऱ्या बांधवांच्या मुखी 'शहीद' हा शब्द असतो. हुतात्मा म्हणजे ज्याने स्वतःची आहुती दिली तो. हा शब्द यज्ञकुंडाजवळचा आहे. त्यात अग्नी आहे, अर्पण आहे. शहीद या शब्दाची घडण निराळी. अरबी भाषेत त्याच्या मूळ धातूचा अर्थ पाहणे, हजर असणे, साक्ष देणे असा आहे. न्यायालयात दिलेल्या साक्षीस उर्दूत शहादत म्हणतात, हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक असेल.

नव्या करारातील ग्रीक शब्दही असाच कचेरीतला आहे. 'मार्तुस' म्हणजे साक्षीदार. खताखाली सही करणारा, खटल्यात उभा राहून आपण पाहिलेले सांगणारा. प्रभूचे उत्थान आपण डोळ्यांनी पाहिले एवढ्याच अर्थाने प्रेषित स्वतःस हा शब्द लावीत. त्यात मरणाचा स्पर्शही नव्हता. आपला संस्कृत 'साक्षी' शब्दही डोळ्यांशीच नाते सांगतो. प्रेषितांच्या कृत्यांत संत स्तेफनच्या रक्ताचा उल्लेख करताना पौल त्यास साक्षी म्हणतो, आणि प्रकटीकरणाच्या ग्रंथात पेर्गम येथे मारल्या गेलेल्या अंतिपास हेच नाव मिळते. त्याच ग्रंथात स्वतः प्रभु येशूसही विश्वासू साक्षी म्हटले आहे. येथून पुढे शंभर वर्षांच्या आत या साध्या शब्दावर रक्ताचा रंग चढला. जुना अर्थ मात्र गेला नाही. नव्याच्या खाली तो तसाच राहिला. मराठी कॅथलिकांनी 'रक्तसाक्षी' हा शब्द घडविला, तो म्हणूनच आम्हांस हुतात्मा या शब्दाहून अधिक नेमका वाटतो. रक्त हे विशेषण आहे, नाम साक्षी हेच आहे.

रोमन राज्यात ख्रिस्ती मनुष्याचा खटला कसा चाले, हे बिथुनियाचा सुभेदार प्लिनी याने सुमारे ११२ साली बादशहा ट्रॅजन यास लिहिलेल्या पत्रावरून कळते. आरोपीस तो विचारी, तू ख्रिस्ती आहेस काय? होय म्हटल्यास शिक्षेचा धाक दाखवून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा हाच प्रश्न विचारी. नाही म्हणून देवतांस धूप व मद्य अर्पण केले की सुटका. ट्रॅजनने उत्तरी कळविले की, या लोकांस हुडकीत फिरू नये. कोणी आणून उभे केले आणि दोष शाबीत झाला तरच शिक्षा द्यावी. हा मोठा चमत्कारिक खटला होय. इतर गुन्हेगार नाही म्हणतो आणि सरकार त्याच्याकडून होय वदविण्याची खटपट करते. येथे आरोपी होय म्हणतो आणि नाही वदविण्यासाठी त्याचा छळ होतो. साक्ष या शब्दाचे महत्त्व या जागी ध्यानात येते. त्या मनुष्याजवळ शस्त्र नव्हते, सैन्य नव्हते. एक उत्तर होते, आणि ते बदलावे एवढीच सरकारची मागणी होती.

१७ जुलै १८० रोजी कार्थेज येथे सिल्ली नामक गावच्या बारा जणांस, सात पुरुष व पाच स्त्रियांस, सुभेदार सातुर्निनुसपुढे उभे केले होते. त्यांच्या जबान्यांचा वृत्तांत उपलब्ध आहे, आणि तो इतका थोडका आहे की एका बैठकीत दोनदा वाचून होतो. त्यांतील स्पेरातुसजवळ एक पेटी होती. तीत काय आहे असे विचारता, पुस्तके व पौल नावाच्या एका नीतिमान मनुष्याची पत्रे, असे त्याने सांगितले. सुभेदाराने विचार करण्यास तीस दिवसांची मुदत देऊ केली; ती कोणी घेतली नाही. वृत्तांतात वक्तृत्व नाही, चमत्कार नाही, कोणास शाप दिलेला नाही. खेड्यातील माणसे, धर्मपत्रांची पेटी, आणि ठाम उत्तर. पुढे रचलेल्या कित्येक अद्भुत चरित्रांपेक्षा हा रुक्ष कागद आम्हांस अधिक हलवून सोडतो.

आता एका गोष्टीकडे वाचकांचे विशेष लक्ष वेधावयाचे आहे. रक्तसाक्षी म्हणजे मरणाची हौस असलेला मनुष्य, असा समज आपल्यातही आढळतो. आद्य ख्रिस्तसभेने हा समज कधीही मान्य केला नाही. पॉलीकार्पच्या वृत्तांतातच क्विंतुस नावाच्या एका फ्रिगियन गृहस्थाची हकीकत आहे. तो आपण होऊन पुढे झाला, इतरांसही त्याने भरीस घातले. परंतु श्वापदे दृष्टीस पडताच त्याचे धैर्य गळाले आणि त्याने धूप जाळला. ही गोष्ट सांगून स्मर्नाची मंडळी स्पष्टपणे म्हणते की, जे आपण होऊन स्वाधीन होतात त्यांची आम्ही वाखाणणी करीत नाही. स्वतः पॉलीकार्प प्रथम शहर सोडून एका शेतवाडीवर, नंतर दुसरीवर गेले होते. शिपाई येऊन ठेपले तेव्हा मात्र त्यांनी पळ काढला नाही. आलेल्या शिपायांपुढे अन्नपाणी ठेवावयास त्यांनी सांगितले, आणि प्रार्थनेसाठी तासाभराची सवड मागून घेतली. आपणांस धरावयास आलेल्यांस जेवू घालणारा हा शहाऐंशी वर्षांच्या सेवेचा म्हातारा आम्हांस साक्षीच्या खऱ्या अर्थाचा चांगला भाष्यकार वाटतो.

कार्थेजचे महागुरू सिप्रियन यांचीही गोष्ट अशीच आहे. २५० साली बादशहा डेसियसचा छळ सुरू होताच ते शहराबाहेर गुप्त राहिले आणि पत्रांच्या द्वारे आपल्या मंडळीचा कारभार पाहत राहिले. याबद्दल त्यांजवर टीका झाली. पुढे १४ सप्टेंबर २५८ रोजी त्याच सिप्रियन यांनी आपल्याच नगरीत, आपल्याच लोकांच्या देखत, तलवारीखाली मान दिली. तेव्हा आठ वर्षांपूर्वीचे ते लपणे भित्रेपणाचे नव्हते, हे उघड होते.

डेसियसच्या काळात सर्व प्रजेस देवतांस बळी अर्पण करून तसा लेखी दाखला घ्यावा लागे. ईजिप्तच्या वाळूत असे चाळीसांहून अधिक दाखले सापडले आहेत. अर्जदाराचे नाव, वय, अंगावरील एखादा व्रण, आपण सदैव देवतांचे पूजन करीत आलो आहोत अशी कबुली, आणि खाली अधिकाऱ्यांची सही. सरकारी कचेरीत खेपा घातलेल्या मनुष्यास हा मजकूर ओळखीचा वाटेल. कित्येक ख्रिस्ती लोकांनी भीतीने बळी दिले. कित्येकांनी बळी न देता पैसे चारून नुसता दाखला मिळविला. छळ ओसरल्यावर हे सर्व लोक दाराशी येऊन उभे राहिले. त्यांस आत घ्यावे की नाही? नोवातियन व त्याचे अनुयायी म्हणाले, कदापि नाही. सिप्रियन व रोमची ख्रिस्तसभा यांनी निर्णय दिला की, योग्य प्रायश्चित्तानंतर घ्यावे. रक्तसाक्ष्यांविषयी ज्या मंडळीस सर्वांत अधिक आदर होता, तिनेच पडलेल्यांस हात दिला, ही गोष्ट पुष्कळदा सांगावयाची राहून जाते.

याचे सर्वांत हृद्य उदाहरण गॉल देशातील ल्योन नगरचे आहे. १७७ साली तेथे भयंकर छळ झाला. ब्लांदिना नामक दासीने तो ज्या धीराने सोसला त्याने छळणारेच थकून गेले, असे तेथील मंडळीने आशियातील बांधवांस लिहिले. इतिहासकार युसेबियस याने ते पत्र जतन केले आहे. त्यात असे आहे की, तुरुंगात असलेले, अनेकवार यातना भोगलेले ते बंधू स्वतःस 'साक्षी' म्हणवून घेईनात. कोणी तसे संबोधिले तर ते रागावत. हे नाव ख्रिस्ताचे आहे, आणि जे आधीच त्याच्याकडे गेले त्यांचे आहे, आम्ही केवळ कबुली देणारी सामान्य माणसे, असे ते म्हणत. जे पडले त्यांजपुढे त्यांनी फुशारकी मारली नाही. मातेच्या मायेने त्यांस जवळ केले, आणि त्यांतील पुष्कळजण पुन्हा उभे राहिले.

पुढे चौथ्या शतकात आफ्रिकेत दोनातुसच्या पंथातील काही उन्मत्त लोक मरणासाठी मरण शोधू लागले. कड्यावरून उड्या घेऊ लागले. तेव्हा संत ऑगस्टीन यांनी या सर्व अनुभवाचा निष्कर्ष काढिला. त्याचा आशय असा की, शिक्षा कोणती भोगली यावरून रक्तसाक्षी ठरत नाही. ती कोणत्या कारणासाठी भोगली यावरून ठरतो. शिक्षा चोरासही होते. ख्रिस्ताच्या दोन्ही बाजूंस क्रूस होतेच.

असो. हे सारे दूरदेशीचे झाले. आपल्या मराठी मुलखात या मापाने मोजता येईल असे कोण झाले? संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव प्रत्येक कॅथलिकाच्या मुखी आहे, म्हणून त्यांजविषयी संक्षेपानेच लिहितो. वसई येथे पोर्तुगीज पिता व कोकणस्थ माता यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. तरुणपणी ते येशूसंघीय धर्मगुरूंच्या सोबत जपानात गेले, तेथील भाषा शिकले, काही काळ व्यापार केला, आणि पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. फादर पेद्रो बाप्तिस्ता १५९३ साली जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याजकडे गेले, तेव्हा त्यांचे दुभाषी गोन्सालो होते. १५९६ च्या अखेरीस पकडले गेलेल्यांत तेही होते. कानाचा तुकडा कापून, ऐन हिवाळ्यात, क्योतोहून नागासाकीपर्यंत त्यांची धिंड काढण्यात आली, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी एकंदर सव्वीस जणांस क्रुसावर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय व सतरा प्रापंचिक होते. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्या सर्वांस संतपद दिले. गोन्सालो हे दुभाषी होते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संबंध येईल.

गोव्यातील साष्टी प्रांतात कुंकळ्ळी येथे जुलै १५८३ मध्ये फादर रुदोल्फ आक्वाविवा यांजसह पाच येशूसंघीय मारले गेले. हे तेच फादर रुदोल्फ, ज्यांनी त्याआधी अकबर बादशहाच्या दरबारी वास्तव्य केले होते. १८९३ साली ख्रिस्तसभेने त्यांस धन्य म्हणून घोषित केले. ते निःशस्त्र होते आणि त्यांनी प्रतिकार केला नाही, याविषयी शंका नाही. परंतु इतिहास लिहिताना अर्धे सांगून चालत नाही. त्यापूर्वी पोर्तुगीज सत्तेने त्या भागातील देवालये पाडली होती, आणि त्या घटनेनंतर कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांस बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळणे येथील किल्ल्यात बोलावून ठार मारण्यात आले. कुंकळ्ळीत आज त्या गावप्रमुखांचेही स्मारक आहे. संत ऑगस्टीन यांचे माप घेऊन कोणी या प्रसंगापाशी गेला तर त्यास तराजूची दोन्ही पारडी पाहावी लागतील. पाच जणांचा आदर करताना त्या गावाचे दुःख विसरावे, असे आम्हांस वाटत नाही. तलवारीच्या छायेत दिलेली साक्ष ऐकणाऱ्यास स्पष्ट ऐकू येत नाही. तीनशे वर्षे तलवारीशिवाय बोललेल्या आद्य ख्रिस्तसभेची थोरवी याच ठिकाणी कळते.

याहून जुना, पोर्तुगीज तारू या किनाऱ्यास लागण्यापूर्वी पावणेदोनशे वर्षांचा, आणि आपल्या लोकांत फारच थोडा परिचित असा प्रसंग ठाण्याचा आहे. तो आता विस्ताराने सांगतो.

ते साल १३२१. येथून जवळच असलेल्या देवगिरीवरील यादवांचे राज्य नुकतेच लयास जाऊन तेथे दिल्लीचा अंमल बसला होता. दिल्लीच्या तख्तावर गियासुद्दीन तुघलक होता. ठाणे हे त्या काळी गजबजलेले बंदर होते, आणि तेथेही मुसलमानी अधिकारी कारभार पाहत असे. ठाण्यात ख्रिस्ती लोक आधीपासूनच होते. सहाव्या शतकात कोस्मास या प्रवाशाने कल्लियाना येथे इराणातून नेमलेला महागुरू असल्याचे लिहिले आहे. हे नगर म्हणजे बहुधा ठाण्याजवळचे आपले कल्याण होय. १३२१ मध्ये ठाण्यात पूर्वेकडील ख्रिस्तसभेची, ज्यांस त्या काळचे युरोपीय लेखक नेस्तोरियन म्हणत त्यांची, पंधरा घरे होती. त्या ख्रिस्तसभेच्या उपासनेची भाषा सुरियानी. त्या भाषेतही साक्षीदार व रक्तसाक्षी यांस एकच शब्द आहे, 'साहदा'. चौथ्या शतकात इराणचा बादशहा दुसरा शापूर याच्या छळात त्या ख्रिस्तसभेने आपले असंख्य साहदा दिले होते.

अशा एका घरी चार फ्रान्सिस्कन बंधू येऊन उतरले. तोलेंतिनोचे थॉमस हे त्यांत ज्येष्ठ व वृद्ध. त्यांनी पूर्वी आर्मेनियात सेवा केली होती, आणि चीनमधून आलेली योहान मोंतेकोर्विनो यांची बातमी १३०७ साली पोप महाशयांच्या कानी घातली होती. दुसरे पदुआचे जेम्स, तिसरे सिएनाचे पीटर, आणि चौथे तिफ्लिसचे देमेत्रियुस. हे चौथे बंधू पूर्वेकडील भाषा जाणणारे, म्हणजे या मंडळींचे दुभाषी होते. त्यांजबरोबर जोर्दानुस नामक डोमिनिकन धर्मगुरूही होते. परंतु पुढील घटनेच्या वेळी ते ठाण्यात नव्हते. या सर्वांस कोल्लमला जावयाचे होते. वाऱ्याने तारू ठाण्यास आणून सोडले. म्हणजे या गावी मरण शोधण्यास ते आले नव्हते. या गावीच यावे असेही त्यांच्या मनात नव्हते.

पुढे जे घडले त्याचा आरंभ एका घरगुती भांडणात आहे. ज्या घरी ते उतरले होते तेथील नवराबायकोत तंटा होऊन नवऱ्याने बायकोस मारले. ती स्त्री काजीकडे फिर्याद घेऊन गेली. काजीने विचारले, तुला मारल्याचा पुरावा काय? तिने सांगितले की, आमच्या घरी चार फिरंगी धर्मपुरुष उतरले आहेत, त्यांच्यादेखत हे झाले, त्यांस विचारावे. तेथे बसलेल्या अलेक्झांड्रियाच्या एका मनुष्याने काजीस सुचविले की, हे लोक शास्त्रात प्रवीण असतात, त्यांस बोलावून धर्मविषयक वाद करावा. तेव्हा सामानाची राखण करण्यास पीटर यांस मागे ठेवून थॉमस, जेम्स व देमेत्रियुस हे तिघे कचेरीत हजर झाले.

वाचकहो, हे बंधू काजीपुढे प्रथम गेले ते कशासाठी, हे पाहावे. मार खाल्लेल्या एका गरीब स्त्रीच्या बाजूने साक्ष देण्यास त्यांस बोलावणे आले होते. मार्तुस या शब्दाचा जो अगदी मूळचा, कचेरीतला अर्थ, त्याच अर्थाने ते तेथे उभे होते. तिची फिर्याद बाजूला राहिली आणि प्रश्न वेगळेच सुरू झाले.

ख्रिस्ताविषयी वाद झाला, बंधूंनी आपले म्हणणे मांडले. मग काजीने त्यांस महंमदाविषयी तुमचे मत काय असे विचारले. येथे वृत्तांत बारकाईने वाचण्यासारखा आहे. प्रथम त्यांनी सरळ उत्तर टाळिले. ख्रिस्ताविषयी आम्ही जे सांगितले त्यावरून सुज्ञाने काय ते समजावे, अशा अर्थाचे ते बोलले. काजीने व जमलेल्या लोकांनी पुन्हा पुन्हा तोच प्रश्न केला. अखेर थॉमस यांनी उत्तर दिले, आणि ते अतिशय कठोर शब्दांत दिले. ते शब्द येथे उतरविण्याची आमची इच्छा नाही. शेजाऱ्यास ज्या नावाविषयी परम आदर आहे, त्या नावाविषयी तसे बोलणे आम्हांस आज रुचणार नाही, आणि आद्य रक्तसाक्ष्यांच्या शांत जबान्यांत तसे बोलणे क्वचितच आढळते. परंतु हेही खरे की त्यांनी तो विषय काढिला नव्हता, टाळण्याचा यत्न केला होता, आणि स्वतःच्या विश्वासाविषयी खोटे न बोलता त्या कचेरीतून सुटण्याचा मार्ग त्यांस ठेवण्यात आला नव्हता. क्विंतुसची गणना ज्या वर्गात होते त्यात यांची गणना करता येत नाही, असे आमचे मत आहे.

तिघांस बांधून भर उन्हात उभे केले. त्या उष्णतेत मनुष्य मरतो अशी समजूत होती. कित्येक तास लोटले तरी ते जिवंत राहिले. नंतर मैदानात मोठा अग्नी पेटवून जेम्स यांस त्यात लोटण्यात आले, एकदा वस्त्रांसह, एकदा वस्त्रे काढून व अंगास तेल चोपडून. दोन्ही वेळा ते सुखरूप बाहेर आले, असा त्या काळचा वृत्तांत सांगतो. आम्ही तो जसा आहे तसा नमूद करतो. हुतात्मा या शब्दाचे आम्ही वर जे विवरण केले त्याच्या संदर्भात एक विचार मनात येतो: अग्नीने ही आहुती घेतली नाही. साक्ष मात्र पूर्ण झाली होती.

ठाण्याचा अधिकारी, ज्यास वृत्तांतात मलिक म्हटले आहे, तो हे पाहून वरमला. त्याने तिघांस गुप्तपणे खाडीपलीकडील वस्तीत एका हिंदू गृहस्थाच्या घरी पोहोचविले आणि तेथून निघून जाण्यास सांगितले. परंतु काजीने त्याचे मन वळविले. रात्री चार हत्यारबंद माणसे पाठविण्यात आली. त्या माणसांविषयी वृत्तांतात जे लिहिले आहे ते आम्हांस विसरता येत नाही. ते बंधूंस म्हणाले की, तुम्ही भली माणसे आहा, आम्ही हे खुशीने करीत नाही. हुकूम न पाळावा तर आम्ही, आमच्या बायका व मुले मारली जातील. थॉमस, जेम्स व देमेत्रियुस यांनी त्यांस दोष दिला नाही. आज्ञेप्रमाणे करा असे म्हणून माना पुढे केल्या. तो दिवस ९ एप्रिल १३२१, झावळ्यांच्या रविवारापूर्वीचा गुरुवार होता. घरी मागे राहिलेले पीटर यांस शोधून काढून शनिवारी, ११ एप्रिल रोजी, छळ करून मारण्यात आले.

या हकीकतीत मुसलमान अधिकाऱ्यांनी ख्रिस्ती बंधूंस मारिले एवढेच लक्षात ठेवणारा वाचक ती अर्धीच वाचील. मलिकाने प्रथम त्यांस वाचवू पाहिले. खाडीपलीकडच्या हिंदू घराने त्यांस आसरा दिला. मारेकरी स्वतः भीतीने बांधलेले होते. आणि ओडोरिक हा प्रवासी, ज्याच्या मुखाने ही हकीकत युरोपास कळली, तो सांगतो की, दिल्लीच्या बादशहाच्या कानी हे गेले तेव्हा त्याने मलिकास पकडून नेवविले आणि निरपराध लोकांच्या वधाबद्दल त्यास देहदंड दिला. ठाण्याच्या चार बंधूंचे नाव घेऊन कोणी शेजाऱ्याविषयी कटुता वाढवू म्हणेल तर त्यास या वृत्तांताचा आधार मिळणार नाही.

जोर्दानुस यांनी परत येऊन, जिनोव्हाच्या एका तरुणाच्या साहाय्याने, त्यांचे देह सोपारा येथे ख्रिस्तमंदिरात पुरले. ते एकटेच मागे राहिले, आणि आपल्या एकाकीपणाचे अत्यंत करुण वर्णन त्यांनी आपल्या संघबंधूंस धाडिलेल्या पत्रांत केले आहे. पुढे १३२९ साली पोप बाविसावे योहान यांनी त्यांस कोल्लमचे महागुरू नेमिले. चौघांपैकी थॉमस यांच्या भक्तीस १८९४ साली पोप तेरावे लिओ यांनी मान्यता दिली. देमेत्रियुस यांचे नाव सर्वांत कमी घेतले जाते. ते पंडित नव्हते, वादात पुढे नव्हते. इतरांचे शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत पोहोचविणे एवढेच त्यांचे काम. वसईचे गोन्सालोही हेच काम करीत. या किनाऱ्याशी ज्यांचे नाव जोडले गेले, त्या रक्तसाक्ष्यांत दोघे दुभाषी असावेत, याचे आम्हांस नवल वाटते, आणि समाधानही वाटते. साक्ष द्यावयाची तर ती ऐकणाऱ्याच्या भाषेत दिली पाहिजे, आणि भाषांतर करणाऱ्यास कचेरीत दोन्ही बाजूंच्या मध्ये उभे राहावे लागते.

काही काळाने पोर्देनोनेचे फ्रान्सिस्कन बंधू ओडोरिक हे ठाण्यास आले. त्यांनी त्या अस्थी उकरून काढिल्या, स्वच्छ वस्त्रात बांधिल्या, आणि एका सोबत्यास व सेवकास घेऊन ते पुढे निघाले. स्मर्नाच्या मंडळीने पॉलीकार्पच्या अस्थी उचलिल्या, तीच ही रीत. रात्री निजताना ते ती गाठोडी उशाशी ठेवीत. कोल्लमवरून, बेटाबेटांवरून, महासागरातून त्यांनी त्या चीन देशातील झैतून बंदरी नेल्या. तेथे फ्रान्सिस्कनांचे दोन मठ होते. तेथे त्यांनी त्या ठेविल्या.

कित्येक वर्षांनी ओडोरिक इटलीस परतले. मे १३३० मध्ये पदुआ येथील संत अंतोनीच्या मठात त्यांनी आपल्या प्रवासाची हकीकत तोंडी सांगितली आणि विल्यम नामक बंधूने ती उतरून घेतली. तीतच ठाण्याचा हा सर्व वृत्तांत आहे: ते पंधरा घरांचे गाव, ती मार खाल्लेली स्त्री, तो अग्नी, ती चार भयभीत माणसे. अग्नीत लोटलेले बंधू जेम्स याच पदुआ गावचे होते.